नडगी आणि पोटरीचे दुखणे: ताण कसा द्यावा आणि मालिश नेमकी कुठे करावी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मैदानांवर पहाटे पाचलाच गर्दी होऊ लागते, आणि दोन-तीन आठवडे उलटले की त्याच मैदानांच्या कडेला नडगी चोळत बसलेली मुले-मुली दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळात पार करायचे असते. त्यामुळे काल-परवापर्यंत अजिबात न धावलेला मुलगा पहिल्याच आठवड्यापासून रोज पूर्ण वेगाने चार फेऱ्या मारू लागतो. दम आठ-दहा दिवसांत वाढतो, स्नायूही बऱ्यापैकी जुळवून घेतात, पण हाडाला नव्या भाराची सवय व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. नडगीचे दुखणे बहुतेक वेळा याच अंतरातून उद्भवते, आणि म्हणून ताण व मालिश यांच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी हे आधी ठरवून घेणे बरे. त्यांनी पोटरी सैल होते, वेदना काही काळ कमी होते आणि चालणे सुसह्य होते. मात्र धावण्याचा भार तसाच ठेवला तर केवळ चोळून नडगी बरी होत नाही.

आधी बोटाने तपासावे

जमिनीवर बसून गुडघा उभा करावा आणि नडगीच्या हाडाची आतली कड, म्हणजे दुसऱ्या पायाकडची बाजू, घोट्यापासून वरपर्यंत एका बोटाने दाबत जावी. घोट्याच्या वर चार-पाच बोटे किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला सुरुवात करताना दुखून थोड्या वेळाने कमी होत असेल आणि नंतर पुन्हा ठणकत असेल, तर तो धावणाऱ्यांना नेहमी होणारा त्रास आहे. डॉक्टर आणि प्रशिक्षक त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. या त्रासात दुखरी जागा दाखवताना माणूस आपोआप सगळा तळहात नडगीवर फिरवतो. याउलट तो एकाच बोटाने रुपयाच्या नाण्याएवढी जागा दाखवत असेल, तिथे दाबताच कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा त्या एका पायावर साधी उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक भेग पडल्याची शक्यता धरावी. अशा वेळी धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी भेग साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे, पळ आता’ हा मित्रांचा सल्ला मानू नये. मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित झाली असेल किंवा वजन घटवण्यासाठी जेवण तोडले असेल तर हाडे अशक्त होऊन भेगेचा धोका वाढतो. ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांगावी.

दुखणे हाडात नसून मागे पोटरीत असेल तर प्रकार वेगळा. धावताना मागून कुणी लाथ मारावी तसा झटका बसला आणि पंजावर उभे राहता येईना, तर टाचेमागची शीर तुटलेली असू शकते. एकच पोटरी सुजून गरम आणि लालसर झाली असेल तर नसेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी. या दोन्ही प्रसंगी कोणी तेलाची बाटली घेऊन पुढे आले तरी त्याला हात लावू देऊ नये आणि सरळ दवाखाना गाठावा. धावताना ठरावीक अंतरावर पोटरी दगडासारखी टणक होऊन पाऊल बधिर पडत असेल, तर तेही मालिशने सुटणारे दुखणे नव्हे.

पोटरीला ताण देणे

पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा फुगीर स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो, तर त्याच्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. पुढे दोन्ही मिळून टाचेमागच्या जाड शिरेत उतरतात. म्हणूनच ताण दोन प्रकारे द्यावा लागतो, आणि मैदानावर बहुतेक जण त्यातला पहिलाच देतात.

भिंतीसमोर उभे राहून दोन्ही तळवे भिंतीला टेकवावेत. दुखरा पाय एक मोठे पाऊल मागे न्यावा, त्याची टाच जमिनीला पक्की चिकटलेली आणि बोटे सरळ भिंतीकडे ठेवावीत. पाऊल बाहेरच्या बाजूला वळले की ताण निसटतो. मागचा गुडघा ताठ ठेवून पुढच्या गुडघ्यात वाकत जावे आणि पोटरीच्या वरच्या भागात ओढ जाणवली की तिथेच ३० सेकंद थांबावे. हा वरच्या स्नायूचा ताण झाला. आता मागचे पाऊल थोडे पुढे घ्यावे, टाच न उचलता मागचाही गुडघा वाकवावा आणि जणू खुर्चीत बसतो आहोत असे खाली यावे. ओढ लगेच खाली, टाचेच्या वरच्या अंगाला सरकलेली जाणवेल. नडगीच्या आतल्या कडेशी या खालच्या स्नायूचा जवळचा संबंध असल्यामुळे हा दुसरा ताण अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रकार प्रत्येक पायाला तीन-तीन वेळा आणि दिवसातून दोनदा करावेत. हिसके देऊ नयेत. ओढ जाणवावी, कळ येऊ नये.

नडगीच्या पुढच्या, बाहेरच्या बाजूचा स्नायू आखडला असेल तर वज्रासनात बसून पावलांचा वरचा भाग जमिनीला टेकवावा, हात मागे टेकून गुडघे किंचित उचलावेत आणि १५-२० सेकंद थांबावे.

धावण्याआधी थंड स्नायूंना असा स्थिर ताण देऊ नये. आधी पाच-सात मिनिटे झपाझप चालून आणि हलके धावून अंग गरम करावे; दीर्घ ताण धावून झाल्यावर किंवा संध्याकाळी घरी द्यावेत.

मालिश

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका मे महिन्यात नडगी दुखू लागल्यावर मी स्वयंपाकघरातले लाटणे घेतले आणि दुखते तिथेच, म्हणजे थेट हाडाच्या कडेवर, आठवडाभर जोर लावून फिरवले. हाताला बारीक गाठी लागत होत्या आणि त्या मोडल्या की पाय मोकळा होईल असे मला वाटत होते. आठव्या दिवशी त्या जागी निळसर डाग उमटला आणि जिना उतरणेही अवघड झाले. हाडाचे आवरण आधीच चिडलेले असताना त्यावर लाटणे फिरवणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे होते. लाटणे चांगलेच आहे, फक्त त्याची जागा पोटरीवर आहे, नडगीवर नाही.

खाली बसून गुडघा वाकवावा, म्हणजे पोटरी सैल लोंबते. तळहातावर थोडे कोमट तेल घ्यावे. ते तिळाचे असो, शेंगदाण्याचे असो वा खोबरेल, हात सहज सरकावा एवढेच त्याचे काम आहे आणि महागड्या बाटलीतले तेलही हाडापर्यंत पोहोचत नाही. पहिली दोन मिनिटे टाचेकडून गुडघ्याकडे लांब, हलके हात फिरवावेत. त्यानंतर नडगीच्या आतल्या कडेपासून साधारण एक बोट मागे, जिथे हाड संपून मऊ मांस लागते, तिथे दोन्ही अंगठे ठेवून घोट्याच्या वरपासून हळूहळू वर सरकत जावे. एखादी जागा विशेष दुखरी लागली तर चोळण्याऐवजी तिथे अंगठा १५-२० सेकंद स्थिर दाबून धरावा आणि त्याच वेळी पाऊल वर-खाली हलवावे. दाबाखाली स्नायू सैल होत असल्याचे बोटाला कळते. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे झाले तर दाब चार-पाचांच्या पुढे जाऊ नये. शेवटी लाटणे पोटरीच्या मागच्या मांसल भागावर एक-दोन मिनिटे फिरवावे आणि गुडघ्यामागच्या खळगीला अजिबात हात लावू नये, कारण तिथून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. एका पायाला आठ-दहा मिनिटे पुरेत. स्नायूला अचानक लचक बसली असेल तर पहिले दोन दिवस मालिश करू नये.

धावून आल्यावर नडगी ठणकत असेल तर पंच्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे ठेवावा. वेदनाशामक गोळी घेऊन मात्र धावायला जाऊ नये. वेदना झाकली जाते आणि भेगेकडे निघालेले हाड आणखी भार सोसत राहते.

पोटरीत गोळा येणे हे निराळे. गोळा आला तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढून धरावा आणि तो सुटेपर्यंत थांबावे. केळीच्या मुलखात राहून केळ्याविषयी वावगे बोलवत नाही, पण दिवसाला चार केळी खाल्ल्याने नडगीचे दुखणे जात नाही.

पुन्हा धावताना

दुखरा पट्टा दाबून पाहिल्यावर शांत वाटेपर्यंत एक-दोन आठवडे धावण्याऐवजी सायकल चालवावी. त्याच काळात पायरीच्या कडेवर पंजे टेकवून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम सुरू करावा: वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन, असे १२-१५ वेळा तीन फेऱ्यांत. ताण आणि मालिश यांच्यापेक्षा याचा उपयोग अधिक टिकतो, कारण बळकट पोटरी प्रत्येक पावलाचा मार स्वतः झेलते.

मग एक दिवसाआड धावावे: दोन मिनिटे सावकाश धावणे आणि एक मिनिट चालणे, असे सहा-सात वेळा. पावले लांब न टाकता छोटी आणि जलद टाकावीत. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा दाबलेल्या मातीचे मैदान बरे; काळ्या जमिनीला मात्र मे महिन्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बुटाला चिकटून पाय जड करते, त्यामुळे शेताच्या बांधावरून धावण्याचा मोह टाळावा. गोल मैदानावर रोज एकाच दिशेने न धावता एक दिवस उलट्या दिशेने धावावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सगळे सहा-साडेसहाच्या आत आटोपावे. धावताना दुखणे दहापैकी दोनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकताना ते वाढलेले नसले, तरच पुढच्या वेळी दोनाची तीन मिनिटे करावीत. वाढलेले असेल तर एक पायरी मागे येऊन त्या दिवशी फक्त चालावे.