खिडकीवरचं पाणी आधी बोटाने पुसून बघा

दर नोव्हेंबरात मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "काकू, खिडकीतून पाणी येतंय, आणि पाऊस तर नाहीये." (ताई म्हटलं तरी चालेल, पण ते दिवस बहुतेक गेले.) फोन करणारी मंडळी दोन-तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून नाहीतर नाशिकहून इंग्लंडातल्या रेडिंगला आलेली असतात. भाड्याचं पहिलंच घर. सकाळी पडदा सारावा तर काचा घामेजलेल्या आणि खाली कट्ट्यावर पाण्याचं थारोळं. मी सगळ्यांना एकच सांगते, काचेवरून बोट फिरव आणि पाणी कुठल्या बाजूला आहे ते बघ. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आपल्याकडची खिडकी म्हणजे सरकत्या अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीत एक काच, डासांची जाळी आणि बाहेर ग्रील. इथे ग्रील शोधू नका, नसतं. इथे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये साधारण १६ मिलिमीटरची पोकळी. तिच्यात कोरडी हवा नाहीतर आर्गॉन वायू, आणि चारी कडा सीलबंद. काचांच्या कडेने जी चकचकीत किंवा काळी पट्टी फिरलेली दिसते तिच्या पोटात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. नव्या बुटांच्या खोक्यात ती छोटी पुडी येते ना, तसेच. डबल ग्लेझिंग म्हणजे एवढंच.

आता तुमचं बोट. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, तरी धुकं तसंच राहिलं तर पाणी दोन काचांच्या मध्ये आहे. म्हणजे कडेचं सील गेलं, ओल आत शिरली आणि ते दाणे भिजून निकामी झाले. इथले कारागीर अशा काचेला 'ब्लोन' म्हणतात. हेअर ड्रायरने ती सुकत नाही. काचेला बारीक भोक पाडून ओल काढून देणारे लोकही भेटतील, पण मला तो प्रकार पटत नाही, कारण सील मुळात गेलेलंच असतं. उपाय सरळ आहे: काचांची ती सीलबंद जोडी बदलायची, चौकट तशीच ठेवायची. कारागीर माप घेऊन जातो, काही दिवसांनी नवी जोडी घेऊन येतो आणि बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो. हे लक्षात ठेवा, कारण दारावर येणारा विक्रेता हमखास सांगेल की पूर्ण खिडकीच गेली. आम्ही २००९ साली घर घेतलं तेव्हा मागच्या खोलीच्या एका धुरकट काचेपायी मला सात खिडक्यांचं कोटेशन मिळालं होतं. शेवटी एक काच बदलली. बाकीच्या सहा खिडक्या अजून त्याच आहेत. मधल्या पट्टीवर तिरकं बघितलं तर बरेचदा बारीक अक्षरात काच कधी बनली ते छापलेलं असतं. घर तुमचं असेल तर हमी शिल्लक आहे का, ते त्यावरून तपासता येतं.

पाणी बाहेरच्या बाजूला असेल तर चहा प्या. शरद ऋतूतल्या निरभ्र रात्रीनंतर नव्या, चांगल्या काचांवर बाहेरून दव पडतं. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती काच गाडीच्या टपासारखी थंडगार होते. काच आपलं काम नीट करते आहे. ऊन आलं की जातं.

आणि आतल्या बाजूला असेल, म्हणजे दहातल्या आठ फोनांमध्ये असतं तसं, तर ते पाणी पावसाचं नाही, आपलंच आहे. कुकरच्या चार शिट्ट्या, उकळती आमटी, रेडिएटरवर, म्हणजे भिंतीवरच्या हीटरवर, पसरलेल्या ओल्या जीन्स, दार उघडं टाकून केलेली गरम पाण्याची आंघोळ, आणि एका खोलीत झोपलेल्या तीन माणसांचे रात्रभराचे श्वास. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब जमतात तसे ते घरातल्या सगळ्यात थंड जागी जमतात, आणि ती जागा म्हणजे काच. डोंबिवलीला आपण हेच सगळं करायचो, पण खिडक्या बाराही महिने उघड्या असायच्या. इथे थंडीच्या आणि बिलाच्या भीतीने आपण घराची बरणी करून टाकतो.

मी काय केलं होतं ते सांगते. खिडकीच्या वरच्या चौकटीत प्लॅस्टिकची एक आडवी पट्टी असते. ती सरकवली की बारीक फट उघडते. तिला ट्रिकल व्हेंट म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात त्यातून गार हवा यायची, म्हणून मी घरातल्या सगळ्या फटींवर ब्राऊन टेप चिकटवला आणि स्वतःवर खूश झाले. जानेवारीत कपाट हलवलं तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, आणि लग्नातला शालू कुबट वास मारत होता. भिंतीत ओल शिरली म्हणून मी तक्रार केली. घर भाड्याने देणाऱ्या एजंटकडचा माणूस आला, त्याने भिंत बघितली, मग मान वर करून टेप बघितला. बोलला काहीच नाही. टेपचा फोटो मात्र काढला.

तर ती फट हिवाळ्यातही उघडी ठेवा. स्वयंपाक करताना वाफ बाहेर टाकणारा पंखा लावा आणि झाल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, पातेल्यांवर झाकण ठेवा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. बाथरूमचंही तेच. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन खिडक्या सताड उघडा. तेवढ्यात भिंती गार होत नाहीत, ओलसर हवा मात्र निघून जाते. कपडे एकाच खोलीत, दार बंद आणि खिडकी किलकिली करून वाळवा. जमलं तर हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर घ्या. संध्याकाळी त्याच्या टाकीत साठलेलं पाणी बघून माणूस गप्प होतो. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र अगदी स्वस्तात मिळतं. आकडा ४० ते ६० टक्क्यांत असला की काळजी नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दिवसभर हीटिंग बंद आणि रात्री तासभर भट्टी, असं करण्यापेक्षा मंद पण जास्त वेळ ठेवलेलं बरं. भिंती पार गार पडल्या की वाफ तिथेच बसते. काचेवरचं पाणी रोज सकाळी पुसून टाका. त्यासाठी इथे खास व्हॅक्यूम मिळतो, पण माझं काम अजून जुन्या सुती पंच्यावर चालतं. तो पंचा पिळायचा मात्र सिंकमध्ये, रेडिएटरवर वाळत घालायचा नाही.

बुरशी आलीच तर हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून बुरशी मारणारा स्प्रे मारा. त्यात बहुतेकदा ब्लीच असतं. जोडीला व्हिनेगर किंवा दुसरं कुठलं क्लीनर अजिबात मारू नका, विषारी वायू तयार होतो.

आता वाऱ्याकडे वळू. खिडकी बंद असूनही पडदा हलत असेल तर कागदाची पट्टी झडप (खिडकीचा उघडणारा भाग) आणि चौकट यांच्यामध्ये धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर तिथे पकड ढिली आहे. झडपेच्या कडेला कुलपाच्या पट्टीवर छोटे गोल खुंट असतात. बऱ्याच खिडक्यांमध्ये ते अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) जरासे फिरवले की झडप चौकटीला घट्ट बसते. त्याने भागलं नाही तर रबर चपटं झालंय किंवा बिजागरी झिजलीय.

या बिजागरीला फ्रिक्शन हिंज म्हणतात. ती आपल्या दाराच्या बिजागरीसारखी नसते. झडपेच्या वर-खाली, नाहीतर खिडकी वरून टांगलेली, खालून उघडणारी असेल तर दोन्ही बाजूंना, धातूची लांब पट्टी असते आणि तिच्यात एक घोडा सरकतो. झडप अर्धवट उघडी राहते ती याच घर्षणाने. त्या पट्टीत धूळ, मेलेल्या माश्या आणि मागच्या भाडेकरूच्या काळातला चिखल साठलेला असतो. जुन्या टूथब्रशने साफ करा आणि हलत्या सांध्यांवर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. घोडा घासतो त्या जागेवर मात्र मारू नका, नाहीतर झडप वाऱ्याने आपटत बसेल. त्या घोड्यावर बरेचदा पितळी स्क्रू असतो, तो कसला की ढिली झडप पुन्हा जागच्या जागी थांबते.

खोबरेल तेल घालू नका. हसू नका, आमच्याकडे झालंय. सासूबाई उन्हाळ्यात आल्या होत्या. कुरकुरणारी खिडकी त्यांना बघवली नाही, आणि डोंबिवलीत हा उपाय पन्नास वर्षं चाललेला. ऑगस्टभर खिडकी लोण्यासारखी चालली. ऑक्टोबरात तेल गोठलं. पट्टीत पांढरा मेणचट थर, त्यात धूळ घट्ट बसलेली, आणि झडप वीतभर उघडून अडकलेली, ना पुढे ना मागे. शेवटी हेअर ड्रायरने तेल वितळवून कापूस लावलेल्या काड्यांनी खरवडून काढलं. आख्खा रविवार त्यात गेला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

बिजागरी बदलायचीच असेल तर जुनीची लांबी मोजा आणि बंद स्थितीतली जाडी मोजा, ती बहुतेक १३ किंवा १७ मिलिमीटर असते. बाजूने उघडणाऱ्या आणि वरून टांगलेल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या वेगळ्या असतात. तळमजल्याचं काम दोघांनी मिळून करता येतं, एकाने झडप धरायची. वरच्या मजल्यावर कारागीरच बोलवा. दोन काचांची झडप चांगलीच जड असते आणि खाली फुटपाथ असतो.

हँडल बदलणं हे मात्र कुणालाही जमेल. आधी खात्री करा की ते बिघडलंय, नुसतं कुलूपबंद नाही. हँडलवर बटण किंवा बारीक किल्लीचं भोक असतं, आणि किल्ली स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये बॅटऱ्यांबरोबर सापडते. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची किल्ली जवळच, पण मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आग लागली तर तीच वाट असते. घरात लहान मूल असेल तर झडप चार बोटांहून जास्त न उघडू देणारा रिस्ट्रिक्टर लावून घ्या. ग्रिलची सवय असलेले आपण हे हमखास विसरतो. तर हँडल: एक स्क्रू टोपीखाली लपलेला असतो, दुसरा दिसायला मूठ आडवी करावी लागते. दोन्ही काढले की मागे चौकोनी दांडा दिसतो. तो हँडलच्या तळापासून किती मिलिमीटर बाहेर येतो ते मोजा. दुकानात पहिला प्रश्न तोच असतो, दुसरा डावं की उजवं.

पावसात चौकटीच्या आत खाली पाणी साठलेलं दिसलं तर घाबरू नका. या चौकटीत थोडं पाणी शिरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, रचनाच तशी आहे. ती भोकं शेवाळाने बुजली की पाणी आत उलटतं. टूथपिकने मोकळी करा, खिडकी उघडून चौकटीच्या खाचेत पाव कप पाणी ओता आणि ते बाहेरून ठिबकतंय का बघा. आमच्या एका शेजाऱ्याने 'गळती' थांबवायला बाहेरची भोकं सिलिकॉनने बुजवली होती. पुढच्या वादळात पाणी थेट त्याच्या सोफ्यावर आलं.

भाड्याच्या घरात यातली साफसफाई आणि हवा खेळती ठेवणं तुमचं काम, पण गेलेली काच, तुटलेली बिजागरी, न लागणारं कुलूप हे सगळं घरमालकाचं. इंग्लंडमध्ये १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं ११वं कलम त्यासाठीच आहे. फोनवर बोलून विसरू नका. फोटो जोडून ईमेल करा आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर उचलू नका, डिपॉझिट अडकेल.

घर स्वतःचं असेल तर नुसती काच, हँडल किंवा बिजागरी बदलायला कसला कागद लागत नाही. फक्त दारातली किंवा जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आतली काच सेफ्टी ग्लासच हवी, म्हणजे टफन्ड किंवा लॅमिनेटेड. तिच्या कोपऱ्यात तसा शिक्का असतो, बसवून घेताना बघा. पूर्ण खिडकी बदललीत तर मात्र एप्रिल २००२ पासून फेन्सासारख्या, खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या, योजनेचं प्रमाणपत्र किंवा कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते. घर विकताना सॉलिसिटर नेमका तोच कागद मागतो. आणि दारात येऊन "सही आजच केलीत तर निम्म्या किमतीत" म्हणणाऱ्याला सही देऊन बसला असाल तर लगेच कामाला लागा. घरी झालेला असा करार साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतो. खास मापाने बनवलेल्या मालाला ही सवलत मिळेलच असं नाही, म्हणून मुळात सहीच नको.

मला फोटो पाठवणार असाल तर हँडलशेजारी फूटपट्टी ठेवून काढा, नुसत्या "काकू, हे बघा" वरून मला माप कळत नाही. अ‍ॅलन कीचा जुडगा आणि सिलिकॉन स्प्रे माझ्याकडे आहे, शनिवारी दुपारी येऊन घेऊन जा.