रसायन आणि अणुकेंद्रकाची उजळणी: दोन्ही बाजूंचा हिशेब

दहावीची परीक्षा आटोपल्यावर अकरावी विज्ञानाच्या तयारीला लागलेली सोलापुरातली बरीच मुले रसायनशास्त्राची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि एप्रिलच्या उन्हात आवर्तसारणीपर्यंत पोचता पोचता वही मिटून पंख्याखाली आडवी होतात. त्याऐवजी सगळी उजळणी एकाच प्रश्नाभोवती करावी: अभिक्रियेपूर्वी काय होते, नंतर काय आहे, आणि दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो का?

त्यासाठी लागणारे पाठांतर थोडे आहे. अणुअंक म्हणजे प्रोटॉनांची संख्या, आणि मूलद्रव्य कोणते हे केवळ तीच ठरवते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. पहिली २० मूलद्रव्ये, त्यांचे अणुअंक आणि संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता) तोंडपाठ असाव्यात. सर्व ११८ नावे घोकण्याचा आग्रह मला निरर्थक वाटतो.

पहिला हिशेब स्वयंपाकघरातल्या गॅसचा मांडावा. या गॅसमधील एक घटक प्रोपेन. त्याच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. ज्वलनानंतर कार्बन डायऑक्साइडचे ३ आणि पाण्याचे ४ रेणू तयार होतात, म्हणजे उजवीकडे ऑक्सिजनचे ६ अधिक ४ असे १० अणू झाले, म्हणून डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू हवेत. आधी कार्बन, मग हायड्रोजन आणि शेवटी ऑक्सिजन या क्रमाने गेल्यास खाडाखोड होत नाही. हेच समीकरण मोलमध्ये, म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येच्या रेणूंच्या गठ्ठ्यांत, वाचावे: ४४ ग्रॅम प्रोपेन आणि १६० ग्रॅम ऑक्सिजन मिळून २०४ ग्रॅम, उजवीकडे १३२ आणि ७२, तेही २०४. त्या ४४ ग्रॅममध्ये, म्हणजे एका मोलमध्ये, सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात.

आम्ल आणि आम्लारी यांसाठी फार वेळ नको. सोलापुरी चादरीवर सांडलेल्या आमटीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी, लिंबाचा रस आम्लधर्मी आणि हळद दर्शक, एवढे पाहिले की दर्शकाची व्याख्या घोकावी लागत नाही. (घरच्यांना विचारून जुनी चादर घ्यावी.)

वरच्या सगळ्या बदलांत अणुकेंद्रकाला धक्काही लागत नाही. देवघेव फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. केंद्रकीय अभिक्रियेत मूलद्रव्यच बदलते, आणि उत्तरपत्रिकेत सर्वाधिक गोंधळ इथेच दिसतो. येथे चिन्हाशेजारच्या वरच्या (अणुवस्तुमानांक) आणि खालच्या (अणुअंक) अंकांचे दोन हिशेब मांडायचे असतात. युरेनियम-२३८ मधून अल्फा कण (२ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन) बाहेर पडला की अणुवस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने घटून थोरियम-२३४ उरते. बीटा ऱ्हासात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, त्यामुळे कार्बन-१४ चे नायट्रोजन-१४ बनते. वरचा अंक तोच, खालचा एकाने वाढलेला.

विखंडनातही, म्हणजे जड केंद्रक फुटून त्याचे तुकडे होतात तेव्हाही, हीच रीत चालते. युरेनियम-२३५ वर एक न्यूट्रॉन आदळल्यावर होणाऱ्या अनेक संभाव्य विभागण्यांपैकी एकीत बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि ३ न्यूट्रॉन मिळतात. डावीकडे २३६, उजवीकडे १४१, ९२ आणि ३ मिळून २३६. अणुअंकांचीही ५६ आणि ३६ मिळून ९२ अशी बेरीज जुळते. मात्र प्रत्यक्ष वस्तुमान हजारात सुमारे एक भाग कमी भरते, आणि ही तूट ऊर्जारूपाने बाहेर पडते. प्रोपेनचा एक रेणू जळताना जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या ऐंशी-नव्वद लाख पट ऊर्जा अशा एका विखंडनातून मिळते.

अर्धायुष्यकाल, म्हणजे नमुन्यातल्या निम्म्या अणूंचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ, समजण्यासाठी ६४ नाणी उधळावीत, छापा पडलेली बाजूला काढावीत आणि उरलेली पुन्हा उधळावीत. सारीपाटाचे फोडलेले चिंचोके घेण्याचा मोह टाळावा, कारण त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या संधीने पडतीलच असे नाही. प्रत्येक फेरीत साधारण निम्मी नाणी जातात, पण कोणते जाईल हे आधी सांगता येत नाही. मग एक उदाहरण सोडवावे: आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल सुमारे ८ दिवस आहे, तर १६ ग्रॅमपैकी २४ दिवसांनी किती उरेल? ‘दोन अर्धायुष्यकालांत सगळे संपते’ असे मानणारा विद्यार्थी शून्य लिहितो. नाणी उधळलेला ८, ४, २ असे मोजत २ ग्रॅमवर थांबतो.