दोघांसाठी हलका तंबू निवडताना

पाठीवरून न्यायचा दोघांचा तंबू निवडताना केवळ वजनाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण उत्पादक अनेकदा जे किमान वजन ठळकपणे छापतात, त्यात खुंट्या, पिशव्या आणि कधी कधी ताणदोऱ्याही धरलेल्या नसतात. तुलना नेहमी या सर्व वस्तूंसह पिशवीत भरलेल्या तंबूच्या एकूण वजनाचीच करावी. दुहेरी आवरणाचा (आतला तंबू आणि त्यावर वेगळे बाहेरचे आवरण असलेला) तंबू या एकूण वजनात दोन किलोच्या आत बसत असेल, तर तो दोघांत वाटून नेण्यास पुरेसा हलका समजावा.

त्यानंतर तळाची रुंदी पाहावी. नेहमीची झोपण्याची मॅट साधारण ५१ सेंटिमीटर रुंद असते, पण रुंद मॅट ६४ सेंटिमीटरपर्यंत जाते. अशा दोन मॅट शेजारी ठेवल्या की १२८ सेंटिमीटर तिथेच संपतात. शिवाय अनेक तंबू पायांकडे निमुळते होतात, त्यामुळे डोक्याकडची आणि पायांकडची अशी दोन्ही मापे तपासावीत. ‘दोन माणसांचा’ हे वर्णन बहुधा फारच आशावादी असते.

दोन दरवाजे असल्यास रात्री जोडीदाराला ओलांडून बाहेर पडावे लागत नाही. थोडे वजन वाढले तरी ही सोय मी सोडणार नाही. एकेरी आवरणाचे तंबू हलके असतात खरे, परंतु दोघांच्या श्वासातील बाष्प आतल्या बाजूस साचून पांघरूण ओले होण्याची शक्यता त्यांत अधिक असते. चालण्याच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू वजन वाचवतात, मात्र खडकाळ जमिनीत खुंट्या रुतत नसतील तेथे ते ताणून बांधणे जिकिरीचे होते.