गाडीचं कूलंट घरी कसं बदलावं

मे महिन्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाड्या अडकल्या, एसी चालू आहे आणि तापमानाचा काटा वर सरकतोय, तेव्हा पोटात गोळा येतो. माझ्यावर ती वेळ आली. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या टाकीत गढूळ, तांबूस पाणी. आधी कधीतरी त्यात नळाचं पाणी भरलं गेलं होतं. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो.

आधी गाडीचं मॅन्युअल काढून कूलंटचा प्रकार आणि एकूण क्षमता बघा. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीच्या मर्जीचं. एकाच रंगात वेगवेगळी रसायनं असतात आणि ती एकत्र आली तर गाळ धरू शकतो. पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीच्या दुकानात मिळतं.

गाडी सपाट जागी रात्रभर उभी करा आणि सकाळी गार इंजिनावरच काम सुरू करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट दाबाने उसळून तोंडावर येतं. यात घाई अजिबात नको. किल्लीही काढून ठेवा, कारण काही गाड्यांत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

रेडिएटरखाली पसरट टब सरकवा, झाकण काढा आणि खालचा ड्रेन प्लग सैल करा. प्लग नसेल तर पकडीने खालच्या होज पाइपची क्लिप मागे सरकवून पाइप सोडवा. रिझर्व्ह टाकीही रिकामी करा. निघालेलं कूलंट मोजून आकडा लिहून ठेवा, पुढे तोच कामी येतो.

कूलंट तांबूस निघालं तर डिस्टिल्ड पाणी भरा, इंजिन थोडा वेळ चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा काढा. मात्र धुतल्यावर थोडं पाणी इंजिनातच अडकून राहतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून अशा वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणा. मॅन्युअलमध्ये 50:50 सांगितलं असेल तर एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी घाला, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा.

खरी कसोटी हवा काढण्याची. नरसाळ्याने सावकाश भरा आणि मधेमधे वरचा होज हाताने दाबा, बुडबुडे येतील. इंजिन गार असतानाच, झाकण उघडं ठेवून सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरा. बुडबुडे थांबून पंखा एकदा फिरून बंद झाला की झाकण लावा. हवा काढायचा वेगळा स्क्रू असेल किंवा झाकण फक्त टाकीला असेल, तर मॅन्युअलची पद्धत पाळा. साडेतीन लिटर काढलं आणि अडीचच मावलं, तर हवा आत अडकली आहे. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. गार झाल्यावर टाकीतली पातळी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आहे ना, ते पुन्हा बघा.

जुनं कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका. पावसाळी गटारं शेवटी खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. शिवाय कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. पार्किंगमधल्या मांजरीने सांडलेलं थोडंसं जरी चाटलं तरी तिची किडनी निकामी होऊन ती मरते. टब एक मिनिटही उघडा सोडू नका, सांडलेलं लगेच पुसून फरशी धुवा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ‘विष’ लिहा आणि वापरलेलं ऑइल व कूलंट जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.