कॅमेरा जोडताना पेटी शेवटी

घरी कॅमेरा बनवायचा म्हटलं की लोक आधी पेटीचं डिझाइन काढायला बसतात. पेटी राहू दे, आधी आतलं चालू करा.

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढे छोटे संगणक बोर्ड. त्यांचा एचक्यू कॅमेरा 2020 साली 50 डॉलरला आला. त्यात सोनीचा 12.3 मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आहे. जोडीला त्यांचाच छोटा संगणक, झीरो 2 डब्ल्यू बोर्ड, 2021 मध्ये 15 डॉलरचा. लेन्स, मेमरी कार्ड, पॉवर बँक वेगळी. यात मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आहे ते फक्त सॉफ्टवेअर. सेन्सर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झीरोसाठी वेगळी केबल मागवा. कॅमेऱ्यासोबतची 15 पिनांची, झीरोचं तोंड 22 पिनांचं. वीज बंद ठेवून, तोंडाचा खटका मोकळा करून केबलची पट्टी सरळ सरकवा.

आता लेन्स. इथेच माझे दोन दिवस गेले. लेन्स बसवायच्या तोंडाचे (माउंटचे) दोन प्रकार, सी आणि सीएस. मी घेतली 6 मिमीची सीएस लेन्स, आणि कॅमेऱ्यावर आलेली 5 मिमीची जोडरिंग तशीच ठेवली. अंगणातून पाहिलं तर समुद्र, माड, होडी, सगळं ताकासारखं. दोष सेन्सरचा समजून केबल तीनदा काढली-घातली! ती रिंग सी-माउंट लेन्ससाठी असते, म्हणजे 16 मिमीची किंवा जुन्या सीसीटीव्हीची सी-माउंट लेन्स असेल तर. सीएस लेन्सला ती काढायची. मग लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा, बॅकफोकसचा (लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर जुळवणाऱ्या मागच्या रिंगचा) बारीक स्क्रू सैल करा आणि दूरची होडी धारदार दिसेपर्यंत मागची रिंग हळूहळू फिरवा. स्क्रू आवळा.

पायकॅमेरा 2 या पायथन लायब्ररीत फोटो काढायला चार-पाच ओळी लागतात. शटरसाठी साधं पुश बटण बोर्डाच्या जीपीआयओ 17 या पिनेत आणि ग्राउंडमध्ये लावा. बोर्डातला पुल-अप (बटण सुटं असताना पिनेला व्होल्टेज धरून ठेवणारा रेझिस्टर) कोडमधून चालू ठेवला की वेगळा रेझिस्टर नको.

पहिली पेटी पुठ्ठ्याचीच करा. मापं पटली की मग थ्रीडी प्रिंट, तीही पीईटीजीची. छपाईचं दुसरं प्लॅस्टिक, पीएलए, साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर पेटी वाकडी. कॅमेऱ्याच्या बोर्डाखाली पाव इंची ट्रायपॉडची आटी आहे, ती बाहेर राहू द्या.

जून लागला की खारं वारं आणि दमट हवा. वापर झाला की लेन्स कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.