वाकळ शिवायला बसताय? मग माझ्या चुका आधी वाचा

मी वाईकडची, आता पुण्यात असते. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात, म्हणून मी दोन्ही शब्द वापरणार, गोंधळू नका. आठ वर्षं झाली मला हातानं शिवायला लागून, आधी हौस म्हणून, मग ओळखीच्यांच्या ऑर्डरी आणि आता अर्धं घर त्यावर चालतं. "मला पण शिकायचंय, कुठून सुरुवात करू, काय काय विकत घेऊ" असं बरेच जण विचारतात, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी विकत घ्यायचं बघू. काही घेऊ नका. मी घेतलं होतं हो सगळं, रोटरी कटर म्हणजे गोल फिरत्या पात्याचं कापायचं हत्यार, त्याखाली ठेवायची मॅट, अॅक्रिलिकची पट्टी, वॅडिंगचा (थरांमधे घालायच्या मऊ भरणीचा) अख्खा रोल, डिझायनर कापडाचे छापील तुकडे. साडेसहा हजार गेले आणि पहिली गोधडी अशी झाली की धुतल्यावर उशीसारखी गोळा झाली. कटर चांगलीच वस्तू आहे, एकसारखे चौकोन पाडायचे तर हात वाचतो, पण ते नंतर. सुरुवातीला घरातल्या जुन्या सुती साड्या, एक चांगली कात्री, जाड सुती दोरा, दोन-तीन मापांच्या सुया आणि अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) एवढं बास. अंगुस्तान नको वाटतं, बोट अवघडतं, मलाही वाटायचं. पाच थरांतून सुई ढकलताना तिसऱ्या दिवशी बोटाला भोक पडतं मग आपोआप घालता. सुया, दोरे पुण्यात बोहरी आळी-रविवार पेठ भागात मिळतात, मुंबईकरांनी भुलेश्वर नाहीतर मंगलदास मार्केट गाठावं, पण मंगलदासला कापड बघत बसाल आणि सुई विसराल हे सांगून ठेवते.

साड्यांचं बघा. शंभर टक्के सुती आणि खूप वेळा धुतलेली साडी सगळ्यात भारी, नवं कापड कडक असतं आणि पहिल्या धुण्यात आटतं, मग जुनं आणि नवं एकत्र शिवलं की नवं आखडतं आणि जुन्याच्या चुण्या पडतात. सिंथेटिक साडी आत घालू नका, सुईखाली घसरते आणि अंगावर घाम येतो. रेशमी साडीचा मोह सगळ्यांना होतो, आईची लग्नातली वगैरे, पण जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं. खिडकीत उजेडासमोर धरून बघा, मग दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा. चर्रर्र झालं तर ती साडी वरच्या बाजूला नाही लावायची, काठ तेवढा काढून घ्या. आणि रंग जातो का ते आधी बघायचंच, पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर दाबून घासा. मीठ-व्हिनेगरात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात त्यावर विसंबू नका, मी एका लाल साडीच्या भरवशावर पांढरी दुलई गुलाबी करून बसलेय.

एका सिंगल गोधडीला साधारण पाच बाय सात फूट धरा. खाली एक साडी, मधे दोन मऊ विरलेल्या, वर तुकड्यांचं किंवा अजून एक साडी. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास भरते, तिचे सात-सात फुटांचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले की रुंदी होऊन वर पदर दुमडायलाही उरतो. नऊवारी लुगडं असेल तर चैनच. उन्हाळ्याला मधे एकच थर ठेवा.

आता मेन गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. टाके कुठून सुरू करायचे?

मी शिकले व्हिडिओ बघून. परदेशी क्विल्टवाल्या बायका सगळ्या मधून बाहेर जातात, म्हणजे तीन थर पिना लावून किंवा लांब टाक्यांनी पक्के करायचे आणि मधल्या भागापासून कडेकडे शिवत जायचं. आमच्या वाकळी बघितल्या तर उलटं, चारी कडा आधी दुमडून बंद, मग कडेला समांतर धावदोरा, चौकोनात चौकोन करत आत. मी शहाणी, कडा आमच्यासारख्या बंद केल्या आणि टाके व्हिडिओसारखे मधून घातले. जी काही सैल होती ती सरकत कडेला गेली, कडा तर बंद, तिला बाहेर पडायला वाटच नाही, मग सगळी झालर कडेला जमा. पुढच्या वेळी कडेकडून आत आले पण आधीचे कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरणारे ते लांब तात्पुरते टाके, घातले नाहीत, तर मधोमध भाकरी फुगावी तसा फुगवटा.

गावाला एक मावशी आहेत, सत्तरीच्या, आयुष्यभर लोकांच्या वाकळी शिवल्यात त्यांनी. त्यांना फोटो दाखवला तर हसल्या नुसत्या. म्हणाल्या, "पोरी, कडा मिटल्यास ना, मग काठाकडनं आत ये. पन आदी सगळं कापड भुईवर पसरून हातानं निपटून घे, लांब लांब टाकं मार, मग बस शिवायला. तू मांडीवर घेऊन शिवलंस, व्हय ना?" हो, मांडीवरच शिवलं होतं, टीव्ही बघत. तर लक्षात ठेवा, कडा उघड्या असतील तर मधून बाहेर, कडा बंद असतील तर बाहेरून आत, आणि दोन्हीत आधी जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजन ठेवून वीतभर अंतरावर कच्चे टाके. कच्च्या टाक्यांना माझे चार तास जातात आणि तेच सगळ्यात कंटाळवाणे चार तास असतात, ते वाचवले की पुढचे साठ वाया.

मग मला कळलं की ही बाहेरून आत यायची पद्धत फक्त आपलीच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, तीही कडेपासून आत येते, पण त्या तुकडे आधी जोडून ठेवत नाहीत, शिवता शिवता एकेक तुकडा लावत जातात, त्यामुळे सैल राहिलेलं कापड पुढच्या तुकड्याखाली गडप होतं. काय डोकं आहे बघा! कोपऱ्यावर त्रिकोणी घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात, त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतले, बरेच पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि तिथून जंगलात पळून गेलेले. नवीन माणसानं तुकड्यांचं काम याच पद्धतीनं शिकावं असं माझं मत आहे, मोजमाप चुकलं तरी चालतं.

टाक्यांची मापं विचारतात. माझा टाका अर्धा सेंटिमीटरच्या आत-बाहेर आणि दोन ओळींत एक बोट अंतर. बारीक टाका म्हणजे चांगली गोधडी असं काही नाही, एकसारखा हवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो आणि वारंवार कापडातून जाऊन झिजतोही. गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवा. मशीन वापरलं तर पाप नाही, वरचे तुकडे मी मशीनवरच जोडते, पाव इंच शिवण सोडून. पण चार-पाच थर घरच्या मशीनवर न्यायचे तर जाड सुई लावा आणि हळू चालवा, नाहीतर खालचा थर पुढे आणि वरचा मागे राहतो.

डिझाइन सुचत नाही म्हणणाऱ्यांनी मोबाइल जरा वेळ ठेवून द्या. मला सगळ्यात जास्त मिळालं ते नवरात्राआधी. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात, कृष्णेच्या घाटावर, दगडांवर, कुंपणावर जिथे जागा मिळेल तिथे वाकळी वाळत घातलेल्या असतात. तिथं जाऊन नुसतं बघत बसा. वरचा थर विरलेला असतो आणि आतून तीस वर्षांपूर्वीचं लुगडं डोकावत असतं, त्याच्यावर परत एक ठिगळ, ठिगळाचा रंग भलताच, आणि तरी ते शोभतं. का शोभतं ते शोधताना मला उजळ-गडदचं गणित कळलं. रंग कुठला यापेक्षा किती उजळ किती गडद हे महत्त्वाचं. सगळे तुकडे जमिनीवर मांडून फोनवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसलं तर गोधडी लांबून चिखल दिसणार. (हो, आत्ताच मोबाइल ठेवून द्या म्हणाले, माहितीये.)

जुन्या घरातल्या रंगीत सिमेंटच्या फरश्या, इरकलीचे काठ, भाताची खाचरं, हे पण माझ्या वहीत आहे. आणि अमेरिकेत अलाबामात जीज बेंड म्हणून वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या जरूर बघा. शेतावरच्या फाटक्या विजारी, शर्ट यांतून शिवलेल्या, पुढे 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि 2006 मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. त्यांचा एक प्रकार आहे चौकोनात चौकोन, तो बघून मला आमची वाकळच आठवली. गुडघ्यावरचा विटलेला भाग आणि खिशाखालचा न विटलेला निळा भाग मुद्दाम शेजारी ठेवतात, तेव्हापासून मी जीन्स टाकून देत नाही.

पैशाचं पण सांगते, कारण कोणी सांगत नाही. पहिली ऑर्डर मी 1,200 रुपयांना घेतली, सत्तर तास लागले, म्हणजे तासाला सतरा रुपये. एका दुकानानं विक्रीला म्हणून सहा नग ठेवून घेतले आणि चार महिन्यांनी धुळीसकट परत दिले. आता मी वहीत तास लिहिते, अर्धे पैसे आधी घेते. गेलेल्या आईच्या साड्या घेऊन कोणी आलं तर कात्री लावायच्या आधी त्यांना समोर बसवून कुठला भाग ठेवायचा ते विचारते. एकदा न विचारता पदराचा कोपरा कापला होता, त्यात त्या बाईंच्या आईनं रफू केलेलं होतं आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. नशीब कचऱ्यात तुकडा सापडला.

सुरुवातीला थेट गोधडीला हात घालू नका, अठरा बाय अठरा इंचाचं आसन करा, दोन-तीन संध्याकाळींत होतं आणि सगळ्या चुका त्यात होऊन जातात. माझं पहिलं आसन अजून घरात आहे, मधला फुगवटा तसाच आहे. मांजर बरोब्बर त्या फुगवट्यावर डोकं ठेवून झोपतं.