इन्फ्रारेडने फिल्म आणि पेपर वाळवताना

मुंबईत ऐन जुलैत डार्करूम (अंधाऱ्या खोलीत फिल्म आणि फोटो धुणं) शिकायला घेतलीत, तर डेव्हलपरपेक्षा (चित्र उमटवणाऱ्या रसायनापेक्षा) जास्त डोकेदुखी वाळवण्याची असते. हवा इतकी दमट, की संध्याकाळी टांगलेला फिल्मचा रोल सकाळीही बोटाला चिकटतो. मग कोणीतरी फिजिओथेरपीचा लाल इन्फ्रारेड दिवा सुचवतंच.

दिवा टाकाऊ नाही, पण तो तापवतो काय ते बघा. अशा २५० वॅटच्या दिव्याची तार साधारण २४०० केल्विनला तापते आणि तिच्या किरणांचा जोर १.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. पाणी मात्र इन्फ्रारेड सगळ्यात जास्त शोषतं ते ३ मायक्रॉनजवळ. शिवाय निगेटिव्हमधली चित्र घडवणारी चांदी दिव्याची उष्णता पिते, म्हणजे काळे भाग आधी तापणार. (ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर स्कॅनरची इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसायची सोय चालत नाही, तीही या चांदीमुळेच.) ६०० अंशांच्या आसपास तापणारा सिरॅमिक हीटर पाण्याला जास्त नेमका लागू पडतो.

तरी ओल बाहेर नेते ती हवाच. २५ अंशांची ९० टक्के दमट हवा ४० अंशांवर नेली, की सापेक्ष आर्द्रता ३९ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून मी हीटर फिल्म टांगलेल्या कपाटाच्या तळाशी, फिल्मकडे तोंड न करता ठेवतो आणि वरच्या भोकातून हवा बाहेर जाऊ देतो. पंखा लावलाच तर अगदी हळू, नाहीतर धूळ फिल्मवरच्या ओल्या जिलेटिनच्या थरावर कायमची बसते.

फिल्मला ४० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. शेवटच्या पाण्यात फोटो-फ्लो (पाणी सहज निथळावं म्हणून घालायचं द्रव्य) १:२०० घाला आणि थेंब निथळू द्या. राहिलेल्या थेंबाखालचं जिलेटिन उशिरा वाळतं आणि तिथे डाग उठतो. अर्ध्यावर फिल्म पन्हाळीसारखी वळते. घाबरून हात लावू नका, पुरती वाळली की बरीचशी सरळ होते.

आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरला मात्र इन्फ्रारेड मानवतं: पाणी पुसून घेतलं की मिनिटांत वाळतो, ग्लॉसही खुलतो. फायबर (प्लास्टिकचा थर नसलेला) पेपर जाळीवर पालथा घालून सावकाश वाळवावा. दिव्याखाली त्याची सुरळी होते.

दिव्याला पोर्सिलेनचाच होल्डर घ्या. तापलेल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकू शकते, म्हणून ओला रोल कधीही दिव्याच्या वर टांगू नका. आणि रंग लाल असला तरी तो सेफलाइट (पेपरवर परिणाम न करणारा डार्करूमचा दिवा) नव्हे. पेपरचं पाकीट उघडं असताना लावलात तर अख्खं पाकीट फॉग होईल, म्हणजे उजेड लागून वाया जाईल.